अंगठ्याची खांदशेकनी

लिहा ताई, माहं गाव वरूडच्या बाजूचं, संत्र्याच्या मुलखातलं, अन् राहतो इथं पातूरले. म्हंजे सकाळी निघालं तं आंदी अमरावती, मंग अकोला, मंग इकडची गाडी, दिवस बुडते तवा मानूस पोचते. म्हनून मी लय कमी जातो. नाव देविदास, पन इथं मले त्या नावानं कोनी हाक मारत नाही, इथं मी संत्र्या. ज्याच्याकडं काम शिकलो त्या चाचानं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं अन् ते चिकटलं.

शाळा सातवीत सुटली. सुटली काय, मीच सोडली, कारन बाप घरी बसला होता. कुट्टीमशीनमंधी कडबा सारता सारता त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला, अन् एकट्या अंगठ्यानं काय होते ताई, पानी पेता येत नाही. तवापासून आमच्या मायले हाताचं भेव पडलं. आमी शेतातून आलो का ती आमचे तोंड नाही पाहे, हात पाहे. उलटे कर, सुलटे कर. तेच भेव माह्यात उतरलं, काय सांगू तुम्हाले, मी आजही झोपीतून उठलो का आंदी दोन्ही अंगठे वाकवून पाहतो, मंग खाटेखाली पाय ठेवतो. हसा तुमी, चाचीही हसते.

तं मी संत्र्याच्या पेट्या ठोकाले लागलो. लाकडाच्या पेट्या राहत तवा, संत्रा त्यात गवत घालून बाहीरगावी जाये, अन् पेटी ठोकनारा डाव्या हातानं खिळा धरे अन् उजव्यानं हातोडी मारे. गर्दीच्या दिवसांत घाई अशी राहे का डावा अंगठा काळा तो काळाच, नख गळून जाये, नवीन ये, तेही काळं होये. माय रडे. मंग प्लास्टिकचे क्रेट आले अन् ते कामही गेलं. माय म्हने बरंच झालं. घरात पीठ नव्हतं तरी म्हने बरंच झालं.

माहा एक मामा अकोल्याले हमाली करे, त्याच्या वळखीचे युसूफ चाचा, पातूरचे. लाकडी बैल करनारे. आता तुमी अकोल्याच्या, तुम्हाले तान्हा पोळा मालूम असन, पन आमच्याकडं तो जसा होते तसा इकडं होत नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडाचे बैल सजवून, दोरी बांधून ओढत नेतात, घरोघरी खाऊ मांगतात. तं चाचाचे बैल बनत पातुरात अन् विकत अमरावतीकडं, मोर्शी, वरूड, चांदूर. म्हंजे पाहा, मी इकडं आलो अन् माह्या हातचे बैल दरसाल माह्या गावाले जातात. मी इथंच.

मले सोडाले माय आली होती. कधी गाव सोडलं नव्हतं तिनं, गाडीत सारा रस्ता माहा हात धरून बसली, मले लाज वाटे. चाचाच्या दुकानात आली तं तिनं चाकू पाहिले, पटाश्या पाहिल्या, लाकूड तासाचा वाकस पाहिला, अन् मले घेऊन वापसच निघाली. मामानं कसंतरी बसवलं. मंग ती चाचाले म्हने भाऊ, याच्या बापाचा हात गेला, मी हेच एक मांगतो, याचे हात धड ठेवजा. चाचानं माहा हात घेतला, बाजारात बैलाचे दात पाहतात तसा उलटून पालटून पाहिला, अन् म्हने, बाई, जसा आनला तसा घेऊन जाजो, बोटं मोजून घेजो. माय म्हने मी मोजीन. अन् खरोखर मोजले तिनं, तिथंच, साऱ्यांच्या समोर.

चाचानं मले लाकडाले हातच लावू नाही दिला. बटाटे दिले. म्हने याचे बैल कर. मी बटाट्याचे बैल करो अन् चाची संध्याकाळी ते रश्श्यात टाके. कोन्या बैलाले पाय नाही, कोन्या बैलाचं डोस्कंच नाही. चाची ताटात वाढताना म्हने, आज लंगडा हाय, उद्या जराक चारी पायाचा खाऊ घालजो रे बाबा. मले वाटे हा मानूस माही मजाक करून राहिला. पन त्याचं पाहनं बैलाकडं नव्हतं, त्याचं पाहनं अंगठ्याकडं होतं. अंगठा चाकूच्या रस्त्यात येते का, येवढंच पाहे तो.

आता हे तुमी लिहून घ्या, हे चाचाचं हाय, माहं नाही. बैल लहान राहते, मुठीत मावते, म्हनून तो शिकंज्यात नाही धरता येत, हातातच धरा लागते. डाव्या मुठीत बैल अन् उजव्या हातात चाकू, अन् आपन आलू सोलतो ना, तसा चाकू आपल्याकडं ओढा लागते, उजवा अंगठा लाकडाले टेकवून. म्हंजे पातं जे येते ते सीधं अंगठ्यावर येते. म्हनून अंगठ्याले टोपी. जुन्या जोड्याचं चामडं कापून, शिवून, अंगठ्यावर टोपनासारखी बसवाची. डाव्या हाताच्या बोटाले सायकलच्या ट्यूबच्या चकत्या, अंगठ्या घालतो तशा, एकीवर एक. घट्ट नाही पाहिजे, घट्ट झाली का बोट बधिर होते, अन् बधिर बोटाले समजत नाही चाकू कुठं हाय. ढिली नाही पाहिजे, ढिली झाली का नेमकी वक्तावर फिरते. आतून सुती चिंधी, उन्हाळ्यात घाम पेते. चाकू धारेचा पाहिजे, बोथड्या चाकूले जोर लावा लागते अन् जोर लावला का तो आपलं आयकत नाही. अन् कोपर बरगडीले चिकटवून ठेवाचं, म्हंजे हात जास्ती येऊच शकत नाही, आपोआप थांबते. शिंग करताना बोलाचं नाही. भुकेल्या पोटी शिंग कराचंच नाही.

दुकानात पाय ठेवला का चाचाचा एकच सवाल, क्यों रे संत्र्या, टोपी? एकडाव एक पावना आला होता, त्यानं आपल्या डोस्क्यावरून हात फिरवला, त्याले वाटलं आपल्याले इचारलं. चाचा म्हने अरे बाबा सर तो जुड़ जाता, अंगूठे का पूछ रहा मैं.

आता खांदशेकनीचं सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी कास्तकार लोक बैलाचे खांदे शेकतात, जू घासून घासून खांद्याले घट्टे पडतात ना, तिथं तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं लावतात, अन् बैलाले म्हनतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मंग बैलावर जू नाही ठेवत. चाचाचे अब्बा बैलगाड्या करत, जू करत, चाकं करत. तवा ते घरोघरी जाऊन हे पाहत. गाड्या गेल्या, अन् चाचा लाकडी बैलाकडं वळला, तं अब्बा म्हने, खऱ्या बैलाच्या खांद्याले आराम हाय, मंग लाकडाचा बैल करनाऱ्यानं काय घोडं मारलं? त्याचं जू तं अंगठ्यावर हाय. तवापासून त्या घरात पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगठे शेकतात. चाची वाटीत तूप-हळद घेऊन येते, पळसाचं पान बुडवते, चाचाचे अंगठे, मंग माहे. अन् आवतन म्हंते, मराठीतच म्हंते, सासऱ्यानं शिकवलं तसं. मंग टोप्या अन् ट्यूबा खुंटीवर टांगाच्या, जू उतरलं. पोळा सरेपर्यंत चाकूले हात नाही.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तवा मले माही माय आठवली. कोनी आपले अंगठे असे हातात घेतले होते का कधी, इचार करा.

तं मंग एका सालची गोष्ट. खांदशेकनी झाली होती, टोप्या खुंटीवर होत्या, चाची वाटी धुवाले गेली होती, अन् जवळच्या खेड्यातले महादेवराव आले, ट्रॅक्टर घेऊन. त्यानं आदल्या साली बैलजोडी विकली होती, दारात बैल नाही म्हनून आमच्याकडून लाकडाची जोडी नेली होती, पूजेपुरती. ती जोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपटली अन् एका बैलाचं शिंग मुळापासून गेलं. महादेवराव म्हनत, आमची बुढी म्हंते शिंगमोड्या बैल दारात नको, खंडित बैलाची पूजा मी करनार नाही, अन् बैल नाही तं पुरन नाही, अन् पुरन नाही तं घरात कोनी जेवत नाही. चाचा म्हने, तं मंग ट्रॅक्टरचेच खांदे शेका ना. महादेवराव म्हनत, शेकले असते चाचा, पन त्याले पुरनपोळी चारली तं इंजिन जाम होते. सारे हसलो.

पन मानूस आला होता अन् बुढी उपाशी राहनार होती. मी म्हटलं मी करून देतो, एक शिंग तं हाय. चाचा म्हने तुह्या अंगठ्याले तूप हाय. मी म्हटलं तुमच्याही हाय. मी राखेनं हात घासाले निघालो होतो ताई, हे मले पक्कं आठवते, मी मोरीपर्यंत गेलो होतो. चाचा मांगून म्हने, तूप राखेनं जात नाही लवकर, थांब, तुले काही झालं तं तुह्या मायले मी काय मोजून देऊ? अन् बाभळीचा तुकडा घेऊन बसला बी.

त्यानं टोपी घातली होती. असं नका लिहू का घातली नव्हती. खुंटीवरून काढली, घातली, अन् तुपानं ती निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. ट्यूबाही फिरत. मंग त्यानं सारं काढून बाजूले ठेवलं अन् म्हने, शिंगच तं हाय, दोन हात मारले का झालं. ज्या मानसानं मले टोपीबिना बटाटा नाही कापू दिला तो. अन् बाभूळ सागासारखी नाही, चिवट, तिच्यात गाठ लागली, त्यानं जोर दिला, तुपाच्या हातात शिंग फिरलं.

आवाज नाही झाला. लाकूड कापलं का आवाज येते, बोट कापलं का नाही येत.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गेला चाकू, खोल. चाचा त्याच्याकडं असा पाहे, जसं दुसऱ्या कोन्या मानसानं काम बिघडवलं. पहिला शब्द काय निंघाला मालूम हाय? म्हने, बैलावर रगत नको पडू देऊ, पूजेचा हाय.

महादेवरावानं रस्त्यावरची जीप थांबवली. मी चाचाचा हात वर धरून अकोल्यापर्यंत गेलो, फडकं भिजलं, दुसरं बांधलं.  चाचा म्हने तू काहून थरथर करून राहिला बे, हात माहा कापला का तुहा?  मी आपला मनात आमच्या बापाचा हात पाहून राहिलो होतो.

दवाखान्यात शिवलं. डाक्टर चांगला होता, त्यानं बसून समजावून सांगितलं, नस बी गेली अन् वाकवनारी दोरी बी गेली, जोडली हाय, पन अंगठा वाकनार नाही असं समजा, अन् तिथं हात लावलेला कळनार नाही, पुढं कधी कळलं तं कळलं. चाचानं मान हालवली. बाहीर आल्यावर मले म्हने, मायले नको सांगू. मी म्हटलं मायले काहून नाही सांगाचं, माहे तं धड हायेत. म्हने, म्हनूनच, तिले वाटन तुह्यापायी माहा गेला.

पोळ्याच्या दुपारी आमी वापस आलो. मी चाचीले इचारलं महादेवरावाच्या बैलाचं काय झालं. चाची म्हने नेला ना बैल, शिंगासकट नेला. मी म्हटलं शिंग कुठून आलं? तिनं बोट दाखवलं. आमच्या आंगनाले बाभळीच्या काट्याचं कुंपन हाय, पांढरे लांब लांब काटे, बोटायेवढे. तिनं एक काटा मोडला, शिंगाच्या भोकात खुपसला, वरून बेगड गुंडाळलं. झालं शिंग. पहिल्या शिंगाहून चांगलं झालं म्हंते. चाकू नाही, काही नाही. तुमी दोघं चाकू चाकू करत होते, मले कोनी इचारलं?

चाचा हसला. लय हसला, डोळ्यातून पानी येईपर्यंत, शिवलेला हात छातीशी धरून.  मी त्या कुंपनाकडं पाहत राहिलो. त्याच्यातूनच आमचं रोजचं येनं जानं, रोज ते काटे लुंगीले पँटले लागत. काटा तिथंच होता.

मंग काम माह्यावर आलं. चाचाले बैल धरता येईना, बिनवाकत्या अंगठ्यानं मूठच होत नाही. बापाचं बोटाबिना अंगठ्याचं झालं होतं, यांचं अंगठ्याबिना बोटाचं. मले असं भेव बसलं ताई का चाकू हातात घेतला तं घाम फुटे. वाटे गावाकडं जावं, मजुरी करावी, ओझी वाहावी, पन पात्याले हात नाही. चाचाले समजलं. म्हने जाचं असन तं जा संत्र्या, तुहे हात धड हायेत, माहा शब्द पुरा झाला, मायले म्हन मोजून घे. त्याच्या बोलन्यात राग नव्हता. मी पिशवी बी भरली होती. मंग चाचीनं माह्यापुढं बटाट्याचं टोपलं आनून ठेवलं अन् म्हने जाची घाई असन तं जा, पन चार बैल करून जा, संध्याकाळी रस्सा कशाचा करू? मी टोपी घातली, ट्यूबा घातल्या, कोपर बरगडीले लावलं. त्या दिवशीचे बैल चारी पायाचे झाले. पिशवी तशीच राहिली.

आता चाचा दुकानात खाटेवर बसून राहते. त्याचा डावा अंगठा असा सीधा उभा राहते, कोनाले वाटते हा सदा कोनाले शाबासकी देऊन राहिला. गिऱ्हाईक खुश होते. चाचा मजाकीत म्हंते, घ्या, माल चांगला हाय, मी सांगून राहिलो ना. शिंगं आता आमी सालभरात आंदीच करून ठेवतो, बिस्कुटाच्या डब्यात, लहान मोठी, आदल्या दिवशी कोनी आला तं चाकू काढाची गरजच नाही. लेकरांच्या बैलाले काटा नाही लावता येत, टोचते. पन मोठ्या मानसांच्या पूजेच्या बैलाले मी काटाच लावतो, टोक घासून. महादेवरावाची बुढी दर साल निरोप धाडते, काट्याचं शिंग जसं हाय तसंच असू द्या.

अन् मायले कळलंच शेवटी. मामानं सांगितलं. फोनवर तिनं आंदी माहे हात इचारले. मंग म्हने, त्याचा अंगठा तू शेकत जाजो रे देविदास, दर साल.

तं तेव्हापासून मी शेकतो. चाची वाटी आनून देते, पान मी धरतो. आंदी चाचाचा डावा. चाचा दर साल कुरकुर करते, अबे कामाच्या बैलाले कर आंदी, मी आता बसेल बैल, माह्यावर कायले तूप नासवतं, मले तं कळत बी नाही तिथं. मी आयकत नाही. गावात पाहा तुमी, ज्या घरी म्हातारा बैल दावनीले बांधेल हाय त्या घरी खांदशेकनी त्याच्यापासूनच होते. काम कराले कोनी म्हनत नाही त्याले, पन आवतन पहिलं त्याले.

औंदाचं सांगतो अन् थांबतो. औंदा चाचीच्या हातून तूप जराक जास्ती तापलं, मलेही ध्यान राहिलं नाही. मी पान बुडवलं अन् चाचाच्या त्याच अंगठ्याले लावलं, अन् चाचा ओरडला, जलाता क्या रे!

आमी तिघंही थांबलो. चाचीच्या हातात वाटी तशीच. चाचा आपल्या अंगठ्याकडं पाहून राहिला. मी फुंकर मारली, माफी मांगितली.  मंग चाचानं हात पुढं केला अन् हळूच म्हने,

पुन्हा लाव बरं.

मी लावलं. म्हने इथं. तिथं लावलं. म्हने जराक वरी. तिथं बी लावलं. वाटीतलं तूप खतम झालं तरी तो हात मांगं घेईना. चाची म्हने, उद्या पुरनावर काय घालू आता, माहं डोस्कं? चाचा म्हने कोरडं खाऊ, औंदा कोरडं खाऊ.

अंगठा वाकत नाही. ते नाहीच वाकनार. पन चटका कळते.

मंग मी आवतन म्हटलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. घरी फोन केला तं माय रोजच्यासारखं पहिलं तेच इचारते, हात धड हायेत ना? मी म्हटलं हायेत माय, साऱ्यायचे हायेत.

तुमी लिहून राहिल्या तवापासून मी तुमच्याही अंगठ्याकडं पाहून राहिलो, पेन लय दाबून धरता. घट्ट नका धरू ताई. वरचा तुमचे हात सलामत ठेवो.